डावीकडे वळवलेला मीटर

गेल्या महिन्यात आमची पिकअप सर्व्हिसिंगला टाकली. नवीन गॅरेज ठाण्याच्या अलीकडे आहे. स्वच्छ आहे, बसायला सोफा आहे, कॉफीचं मशीन आहे. तासाभराने आतला मेकॅनिक बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा एक मीटर चुकीचा बसलाय. ड्रायव्हरला दिसतच नाही. सरळ करून देऊ?"

आमच्या डॅशबोर्डवर मधोमध एक काळा गोल मीटर आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान तो दाखवतो. त्याचं तोंड डावीकडे, शेजारच्या सीटकडे वळवलेलं आहे. मी सांगितलं, तो बरोबर बसलाय, त्याला हात लावू नका. त्याने कार्डावर तसं लिहून घेतलं. माझ्या यादीतल्या बाकी तेरा कामांवर खुणा करून मी गाडी घेऊन निघाले. मुलुंडला घरी पोचेपर्यंत मात्र परब मेस्त्री डोक्यातून गेले नाहीत.

वामन परब. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शेवटच्या गल्लीत त्यांचा गाळा होता. गाळ्याला पाटी नव्हती. पाटी लावली की लोक येतात, असं ते तक्रारीच्या सुरात सांगायचे. सत्तरीला टेकलेले, बुटके, काटक. उजव्या कानावर पेन्सिलीसारखा खडू खोचलेला. चष्म्याला काळी दोरी. वडील गिरणीत, स्वतःही तीन वर्षं गिरणीत, मग गिरणी बंद पडली आणि ते डिझेल इंजिनांकडे वळले. एवढंच मला ठाऊक आहे, आणि हेही त्यांनी सांगितलं ते एका पट्ट्याबद्दल बोलताना, ओघात.

एक ते दीड शटर अर्धं खाली. आत डबा, आणि जुन्या सरबताच्या बाटलीत सोलकढी. त्या अर्ध्या तासात दारात कितीही मोठी गाडी येऊन उभी राहिली तरी ती उभीच राहायची. बोलणं असं की दोन वाक्यं मुंबईची आणि तिसरं कुडाळचं. कुठलीही गाडी आली की आधी बॉनेटवर पंजा ठेवायचे, डॉक्टर पोटावर ठेवतो तसा, आणि मालकाकडे न बघता विचारायचे, "वही खंय आसा?" म्हणजे, वही कुठे आहे.

वहीचं पुढे सांगते. आधी आम्ही त्यांच्याकडे कसे गेलो ते.

माझा नवरा विनय याला वीस वर्षांपासून स्वतःच्या गाडीने स्पितीला जायचं होतं. हिमालयात, बर्फाच्या डोंगरांमागे, गाडीतच राहून. त्यासाठी आम्ही एक सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली: चार दरवाजे, मागे हौदा, चारही चाकांना ताकद. गाडी घेतली आणि आठ महिन्यांत विनयला पार्किन्सन्स निघाला. उजवा हात थरथरायला लागला. कोणी सांगायच्या आधीच त्याने गाडी चालवणं सोडलं. एका सकाळी किल्ली त्याच्या खुंटीवरून काढून माझ्या पर्सशेजारी ठेवली, बस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जायचं असेल तर येत्या उन्हाळ्यात जा, त्यापुढचं मी बोलत नाही. तेव्हा हातात दहा महिने होते.

मला गाडी चालवता येते आणि यादी करता येते. मी यादी केली. विनय संध्याकाळी व्हिडिओ बघून सांगायचा, मी लिहायचे. पुढे लोखंडी बंपर. गाडी चिखलातून ओढायची विंच. टपावर उघडणारा तंबू. दोन मापं मोठे टायर. गाडी चार इंच उंच करणं. दुसरी बॅटरी, फ्रिज, डिझेलचे कॅन. इंजिनाची ताकद वाढवणारी चिप. एकूण चौतीस कामं, तीन गटांत विभागलेली. अंधेरीच्या दोन मोठ्या दुकानांनी ती यादी बघून माझं कौतुक केलं. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या भावाने परबांचं नाव सुचवलं, आणि म्हणाला, जा, पण कौतुकाची अपेक्षा ठेवू नका.

मेस्त्रींनी चष्मा लावला, उभ्या उभ्या चौतीस ओळी वाचल्या आणि कागद परत दिला. "मॅडम, हेच्यात वजन खंय आसा?"

मला कळलंच नाही.

"दर वस्तूफुडे किलो लिवा. मग येवा."

मी बावीस वर्षं एका कंपनीचं मालाच्या ये-जा करण्याचं खातं सांभाळलंय. यादीत वजनाचा रकाना नाही हे मला कुणीतरी सांगावं लागलं याची त्या दिवशी खरोखर लाज वाटली. चार दिवसांनी रकाना भरून नेला. त्यांनी आम्हाला गाडीसकट लिंक रोडच्या बाजूच्या वजनकाट्यावर नेलं, जिथे रेतीचे ट्रक तोलतात. आम्ही दोघं आत बसलेलो तोलले गेलो, मग रिकामी गाडी तोलली, मग खडूने काट्याच्या कट्ट्यावरच हिशेब. गाडीने जेवढं उचलायचं तेवढ्यापेक्षा आमची यादी दीडशे किलोने जड होती. अजून एक चमचा आत ठेवलेला नव्हता.

मग छाटणी. मेस्त्री कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नसत. फक्त विचारत, "कोण उचलतलो?" म्हणजे, हे उचलणार कोण.

विंच? "पुढच्या एक्सलवर साठ किलो. कोण उचलतलो?" गेली. लोखंडी बंपर? त्याला तर आरटीओवालाच उचलेल, म्हणाले. दोन मापं मोठे टायर? एक माप चालेल. दोन मापं मोठं चाक फिरवण्यातच इंजिनाचा जोर संपतो आणि मग तुम्ही चिप मागता. हे मात्र विनयकडे बघून. फ्रिज? "थंय अख्खो गाव फ्रिजात आसा. तुका कित्याक व्हयो?" चौतीसमधली अकरा कामं उरली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा, चांगले शॉकअप, इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा, डिझेलमधलं पाणी अडवणारा जादा फिल्टर, इंजिनात हवा दाबणाऱ्या टर्बोतून येणारी हवा थंड करायला मोठा इंटरकूलर. सगळ्या न दिसणाऱ्या गोष्टी. विनयचा चेहरा उतरत गेला.

टपावरच्या तंबूपाशी आले तेव्हा मेस्त्रींनी फोटोतल्या शिडीकडे बघितलं. मग विनयकडे. विनय तेव्हा उजवा हात कायम पँटच्या खिशात ठेवायचा. या एका ओळीला त्यांनी कोण उचलतलो म्हटलं नाही. म्हणाले, "ह्येचा मागसून बघू." याचं नंतर.

पुढच्या रविवारी ते मुलुंडला आमच्या घरी आले. न कळवता, दोन बसेस बदलून. आमची इमारत तीन मजली, बिनलिफ्टची. चहा झाल्यावर विनयला म्हणाले, तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी दाखवा, मला गावी बांधायची आहे. दोघं गच्चीवर गेले, मीही मागून गेले. मेस्त्री विनयच्या दोन पायऱ्या मागे राहून चढत होते आणि टाकीऐवजी त्याच्या पायांकडे बघत होते. उतरताना विनय पुढे गेल्यावर ते वाकले आणि एका पायरीच्या उंचीला वीत लावली. एक वीत, दोन बोटं कमी. माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. निघताना दारात सहज विचारल्यासारखं विचारलं, विनय पलंगावरून कुठल्या बाजूने उतरतात.

तीन आठवड्यांनी हौदा तयार झाला. वर हलकं फायबरचं छत, आत फळ्यांचा पलंग, मागे दुमडणाऱ्या दोन पायऱ्या. पायऱ्यांची उंची एक वीत, दोन बोटं कमी. चढताना धरायचा दांडा डावीकडे, कारण विनयचा डावा हात चांगला. मी टेप लावून बघितलं: आमच्या जिन्याशी एका सुताचाही फरक नव्हता.

विनयने एकदा चढून बघितलं, एकदा उतरून. छान आहे म्हणाला. परत येताना पवईच्या सिग्नलला म्हणाला, "मेधा, मी ट्रक बनवायला सांगितला होता. यांनी माझ्यासाठी पाळणा बनवला."

तेवढ्यात सिग्नल सुटला.

आता वही. परब मेस्त्रींचा नियम असा की त्यांच्याकडच्या प्रत्येक गाडीला एक वही. तीत मालकाने सगळं लिहायचं. किती किलोमीटर, कुठलं डिझेल, कुठे कसला आवाज, इंजिन किती तापलं, कोणी चालवली, आणि मुख्य म्हणजे गाडीला कोणी कोणी हात लावला. मेस्त्री आधी वही वाचत, मग बॉनेट उघडत. "गाडी खोटा बोलत नाय," ते म्हणत, "मालक बोलता. म्हणान वही." बहुतेक गिऱ्हाइकांच्या वह्या दोन पानांत दम तोडायच्या. माझी सहा महिन्यांत अर्धी भरली होती, समास आखलेली, पानांना क्रमांक. मेस्त्री ती इतरांना दाखवायचे. एकदा बोरिवलीच्या एका मोठ्या जीपवाल्याला त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, या बाईंकडे शिकवणी लाव. मला फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

मार्चमध्ये विनयने घाटकोपरचा एक माणूस शोधला. लॅपटॉप जोडून इंजिनाची ताकद वाढवून देणारा. विनयला गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे घेऊन गेले मीच. अर्ध्या तासाचं काम. येताना पूर्व द्रुतगती मार्गावर मी पाय दाबला आणि गाडीने असा झटका घेतला की दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या. विनय मोठ्याने हसला. निदान झाल्यापासून तो तसा हसला नव्हता. घाटकोपर ते मुलुंड, पूर्ण रस्ताभर हसत होता. पार्किंगमध्ये उतरताना म्हणाला, "वहीत लिहू नकोस हं. मेस्त्री काढून टाकतील."

मी नाही लिहिलं. त्या दिवसाच्या पानावर किलोमीटर लिहिले, डिझेल लिहिलं, हवामान लिहिलं.

एप्रिलच्या सुरुवातीला रेतीची ट्रायल होती. ही मेस्त्रींची आणखी एक रीत. प्रवासाला निघण्याआधी गाडीत सामानाइतक्याच वजनाची रेतीची पोती भरायची, सामान जिथे ठेवायचं तिथेच ठेवायची, आणि घाट चढायचा. आम्ही तिघं माळशेजला गेलो. मी चालवत होते, मेस्त्री शेजारी, विनय मागे. निम्मा घाट झाला आणि मागे काळ्या धुराचा पडदा. मग इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्याकडे. मग डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडीने जोरच सोडला. मुंगीच्या गतीने कडेला घेतली. मेस्त्रींनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि झटक्यात उचलला. मी आरशातून विनयकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

आम्ही दोघांनीही त्या क्षणी सांगितलं नाही. विनयला वाटलं असेल की वेगळंच काहीतरी निघेल. मला वाटलं की विनयने सांगावं.

मेस्त्रींनी गाडी ठेवून घेतली. पहिल्या दिवशी इंजेक्टर काढले, तपासले, बसवले. दुसऱ्या दिवशी टर्बोच्या नळ्या. तिसऱ्या दिवशी रेडिएटर. रोज संध्याकाळी माझा फोन, रोज तेच उत्तर: मिळालं नाही, बघतोय. आमचं निघायचं ठरलं होतं जूनच्या पहिल्या आठवड्यात. डॉक्टरांचा उन्हाळा हाच होता.

पाचव्या दिवशी मी ऑफिसातून हाफ डे घेऊन चारकोपला गेले. सव्वा वाजला होता, शटर अर्धं खाली. वाकून आत गेले. डबा बंद होता. मेस्त्री स्टुलावर बसले होते, स्वतः बसवलेला इंटरकूलर काढून पायाशी ठेवलेला, आणि मांडीवर माझी वही. पान पान वाचत होते. ओळीखाली खडूचं टोक फिरवत.

मला बघून म्हणाले, बोरिवलीच्या जीपवाल्याला आजच दुसरीकडे पाठवला. मग म्हणाले, "बाय, तू पण दुसऱ्याकडे ने गाडी. तुझ्याकडे दिवस कमी आसत. वहीत सगळा बरोबर आसा, म्हणजे चूक माझ्या हाताची. माझो हात गेलो वाटता."

मॅडमची बाय मी कधी झाले ते मला आठवत नाही.

मी सांगितलं. उभ्यानेच, सगळं, तारखेसकट.

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. मग ती तारीख काढली, त्या पानावर बोट ठेवलं. "हय तू हवामान लिवलंस."

"हो."

"विनयान सांगितल्यान म्हणान नाय लिवलंस?"

"त्याने सांगितलं. पण वही माझी होती."

मेस्त्रींनी चष्मा काढला. "पाच दिवस गेले ता जाऊंदे," ते म्हणाले. "पाच दिवस मी माझ्याच हातावर संशय घेतलंय, बाय."

माझ्या आयुष्यात मला बरेच लोक रागावले आहेत, आवाज चढवून, मेल लिहून, चारचौघांत. या एका वाक्याइतकं मला काहीच लागलेलं नाही. मी माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली, वही मिटली आणि डबा उघडला. पाच दिवसांत आजच भूक लागली, म्हणाले. डब्याच्या झाकणात तळलेला बोंबील माझ्यासमोर सरकवला. मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विनयला बोलावलं, आणि घाटकोपरच्या त्या लॅपटॉपवाल्यालाही. मला वाटलं, आता विनयची शोभा होणार. मेस्त्रींनी स्वतःचं स्टूल त्याला दिलं आणि साधं विचारलं, ताकद कशाला हवी होती?

विनयने खिशातून हात काढला. प्रथमच त्यांच्यासमोर काढला. तो हात मांडीवर थरथरत होता आणि आम्ही सगळे त्याकडे बघत होतो.

"मेस्त्री, हा माझं ऐकत नाही आता," विनय म्हणाला. "तुम्ही केलंत ते सगळं मला सोपं व्हावं म्हणून. मला कळतं ते. पण त्या गाडीत एक गोष्ट तरी मला हवी तशी असू दे."

मेस्त्रींनी कानावरचा खडू काढला, परत ठेवला. "मग असूंदे की," ते म्हणाले. "पण वायच शहाणी करूया."

मग तीन तास ते लॅपटॉपवाल्याशेजारी बसले. त्यांना स्क्रीनवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्याला इंजिनाचा आवाज ऐकून काही सांगता येत नव्हतं. वरच्या वेगातलं डिझेल कमी करायला लावलं, खालच्या फेऱ्यांतला जोर ठेवला, कारण घाटात तोच लागतो. दर वेळी गाडी चालू करून, पंजा ठेवून, मान हलवून. मला समजावलं: वर डोंगरात हवा पातळ. डिझेल तेवढंच ओतलं तर ते नीट जळत नाही, नुसतं तापतं, आणि टर्बो जातो. म्हणून धुराचं तापमान कायम बघत राहायला हवं. त्यासाठी मीटर लावू.

मीटर लावला तो तोंड डावीकडे करून. मी म्हटलं, मेस्त्री, चालवणार मी आहे.

"तुका रस्तो बघूचो आसा. दरी बघूची आसा. मीटर बघूक दुसरो माणूस व्हयो." मग विनयकडे वळून: "विनय, सव्वासहाशे झालो की सांगायचा, पाय काढ. हिने लगेच पाय काढायचो, वाद नाय. आणि दर पंधरा मिनिटांनी आकडो वहीत. वही आता तुझी."

"आणि माझं लक्ष नसलं तर?" विनयने विचारलं.

"तर टर्बो गेलो. मगे ऱ्हवा थंयच, याक पाळून."

विनय हसला. घाटकोपरच्या त्या दिवसासारखाच.

नंतर एकदा एकटी असताना मी मेस्त्रींना विचारलं की मीटर तिकडे वळवला तो विनयसाठी का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हिला अजून काहीच समजलेलं नाही. "ड्रायव्हरान मीटर बघल्यान तर खड्ड्यात जातलो," म्हणाले, आणि गाडीखाली शिरले. यापलीकडे त्यांनी कधीही काही कबूल केलं नाही.

रेतीची दुसरी ट्रायल झाली. मेस्त्री या वेळी मागे बसले. विनय पुढे, वही मांडीवर, माळशेजभर आकडे वाचत. घाटमाथ्यावर गाडी उभी केली तेव्हा मेस्त्रींनी पंजा ठेवला आणि तिथेच राहू दिला.

प्रवासाचं वर्णन इथे करत नाही, ते विनयने वेगळं लिहिलंय. दोनच गोष्टी सांगते. एक चढ असा होता की रस्ता नव्हताच, नुसते दगड आणि पाणी. उंची चार हजार मीटरच्या वर. मी दात आवळून पाय दाबून धरला होता, कारण थांबले तर मागे घसरेन असं वाटत होतं. विनय म्हणाला, "सहाशे चाळीस. मेधा, पाय काढ." मी म्हटलं, दहा फूट राहिलेत. तो ओरडला नाही. पूर्वी गाडी चालवताना ज्या आवाजात बोलायचा त्या आवाजात पुन्हा म्हणाला, "पाय काढ." मी काढला. गाडी तिथेच टेकली, घसरली नाही. पाच मिनिटांत आकडा खाली आला आणि आम्ही ते दहा फूट पहिल्या गिअरमध्ये सहज चढलो.

दुसरी गोष्ट छोटी आहे. एका सकाळी मी नदीवरून पाणी घेऊन येत होते. लांबून बघितलं, विनय हौद्यातून उतरत होता. दांडा न धरता. एक पायरी, दुसरी पायरी, जमीन. मुलुंडच्या जिन्यावरून पेपर आणायला उतरावा तसा. मी तिथेच उभी राहिले, त्याला दिसणार नाही अशी.

परत आल्यावर गाडी चारकोपला नेली. मेस्त्रींनी आम्हाला कसं झालं विचारलं नाही. गाडीखाली गेले, पंधरा मिनिटं बाहेर आले नाहीत. मग वही मागितली. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं. विनयचं मुंगीएवढं झालं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वही नाकाशी धरली आणि उभ्या उभ्या सगळी वाचली. एका जागी थांबून मोठ्याने वाचलं, "सहाशे चाळीस. पाय काढ म्हणालो. दुसऱ्यांदा म्हटल्यावर काढला." माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्यांदा?"

मी मान खाली घातली. विनय म्हणाला, मेस्त्री, हिच्या वहीत ते नसतं आलं.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मेस्त्रींनी गाळा विकला आणि कुडाळजवळ गावी राहायला गेले. तिथेच गेल्या पावसाळ्यानंतर ते वारले. मला कळवलं घाटकोपरच्या लॅपटॉपवाल्याने. तो त्या तीन तासांनंतर दर महिन्याला मेस्त्रींकडे आवाज ऐकायला शिकायला जात होता, हेही मला तेव्हाच समजलं. विनयचा आवाज आता हळू झालाय, त्यामुळे गाडीत आम्ही रेडिओ लावत नाही. लोणावळ्याला गेलो तरी तो आकडे वाचतो. मी पाय काढते, पहिल्यांदा म्हटल्यावरच.

गाळा सोडायच्या आदल्या दिवशी मी मेस्त्रींना भेटायला गेले होते. यादीत तीन कामं होती: गाडीची जुनी वही परत घेणे, गावाचा पत्ता लिहून घेणे, मेस्त्रींचे आभार मानणे. गाळा रिकामा झाला होता, भिंतीवर हत्यारांच्या जागी नुसते खिळे. वही मिळाली. पत्ता मिळाला. तिसऱ्या कामासाठी मी घसा साफ केला तेवढ्यात ते म्हणाले, मागचा डावा शॉकअप आवाज करतोय, तू आलीस तेव्हाच ऐकलं, चल, एक फेरी मार.

ते डाव्या सीटवर बसले. मीटरकडे बघितलं, चष्मा सारखा केला. सेक्टर दोनपर्यंत गेलो तरी शॉकअपबद्दल एक अक्षर नाही. मग वाचायला लागले. "दोनशे ऐंशी. तीनशे दहा. तीनशे." मी गाडी पुढे नेत राहिले, एक फेरी, दुसरी फेरी. ते प्रत्येक आकडा वाचत होते, विनय वाचतो तसाच. शेवटी म्हणाले, "बरो दिसता हयसून." म्हणजे इथून, विनयच्या सीटवरून.

इस्टेटच्या फाटकाशी उतरले, बॉनेटवर पंजा ठेवला, पँटला पुसला. मी म्हटलं, मेस्त्री, मला तुम्हाला काही सांगायचंय. ते म्हणाले, वहीत लिव.

मी निघाले. वळणावर आरशात बघितलं. फाटकाशी कुणाचा तरी टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात धरून गोंधळून बघत होता, आणि परब मेस्त्री, ज्यांचा आता गाळा नव्हता आणि ज्यांना गुडघे वाकवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, ते दोन्ही गुडघे टेकून त्या टेम्पोखाली डोकावत होते. एक हात मागे, ड्रायव्हरच्या दिशेने पसरलेला. वही मागत.